मागून आणलेला विस्तव

खटपट करून बसवून घेतलेल्या निर्धूर चुलीत कोंबडी अंड्यांवर बसलेली पाहिली, त्या दिवशी मी नोकरी सोडायचं ठरवलं होतं. सोडली नाही. पुढेही बऱ्याचदा ठरवलं, आणि शेवटी वय झाल्यावर संस्थेनंच शाल-श्रीफळ देऊन मला सोडलं. आता या अंकाचे संपादक म्हणतात, 'कामाबद्दल काहीतरी प्रेरणादायी लिहा.' प्रेरणादायी काय लिहू, कपाळ! माझी निम्मी नोकरी चिडण्यात गेली आणि निम्मी एस.टी.ची वाट बघण्यात. जे झालं ते सांगते.

काम काय होतं ते आधी सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही ते कधी कळलं नाही. ती लोकांना 'आमची ताई धरणात आहे' असं सांगायची.

धरण बांधलं की वरच्या अंगाची गावं पाण्याखाली जातात. तिथली माणसं उठवायची आणि खाली सपाटीवर कुठल्यातरी गावाच्या माळावर आणून बसवायची, याला पुनर्वसन म्हणतात. त्या वस्तीला म्हणतात वसाहत. पुरुषांना तिथं निदान भांडायला काहीतरी मिळतं. जमीन कुठं दिली, पाणी कधी सोडणार, मोर्चा कधी काढायचा. बायकांच्या वाट्याला येतात चार भिंती, वर पत्रा, आणि पाणवठ्यावर 'तुमी कुठल्या गं?' असं वरपासून खालपर्यंत बघत विचारणाऱ्या बायका. जन्मभर डोंगरात नाचणी आणि भात केलेल्या बाईला एकदम उसाच्या पट्ट्यात आणून उभं केलं, की तिला सरपण कुठं मिळतं हेही ठाऊक नसतं.

आमची संस्था या बायकांसाठी होती. कल्पना अशी की, पूर्वी कधीतरी अशीच उठवलेली आणि आता बस्तान बसलेली एखादी बाई नव्या वसाहतीत पाठवायची. तिनं हंगामभर तिथं राहायचं, रेशनदुकान दाखवायचं, दवाखाना दाखवायचा आणि मुख्य म्हणजे सोबत करायची. तिला आम्ही सोबतीण म्हणायचो. ज्याचं जळतं त्याला कळतं, हा त्यामागचा विचार. विचार उत्तमच होता. तो अमलात आणायचं काम माझ्याकडे होतं, एवढीच काय ती अडचण.

ही गोष्ट नव्वदीच्या शेवटाशेवटाची. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या पलीकडे एका माळावर घाटाकडचं एक गाव आणून बसवलं होतं. दिवाळीच्या सुमारास ट्रकांतून माणसं उतरली, घरांचे ताबे मिळाले, आणि थोड्याच दिवसांत जो तो आपापल्या घरात शिरला. दारापुढं तुळशी आल्या, अंगणं सारवली गेली. एक घर सोडून.

ते घर सगुणाबाईचं. सगुणाबाई साठीला टेकलेली, विधवा, अंगानं काटकी आणि बोलायला त्याहून काटकी. घरात मुलगा दत्तू आणि सून शेवंता. दत्तू एका गुऱ्हाळावर कामाला लागला होता. शेवंताचे दिवस भरत आले होते. आणि ही तीन माणसं नव्या पक्क्या घराच्या आत नाही, तर घरापुढं ताडपत्री बांधून राहत होती. शेवंता तिथंच स्टोव्हवर भाकरी टाकायची. सगुणाबाई ती नाक मुरडून अर्धीच खायची आणि उरलेली कोंबडीला घालायची.

"घरात का राहत नाही?" मी विचारलं.

"चूल न्हाई."

आत चूल तर दिसत होती. तिनं स्वतःच्या हातानं मांडलेली, पोतेरं फिरवलेली, सुंदर.

"ही काय चूल!"

"मांडलीया. पेटली न्हाई."

मी आपली शहाणी! मला वाटलं, लाकडं ओली असतील, माळावरच्या वाऱ्यानं धूर उलटत असेल. मी तालुक्याच्या कचेरीत चपला झिजवून सरकारी योजनेतली निर्धूर चूल मिळवली, गवंडी पाठवला, ती आतल्या दुसऱ्या कोपऱ्यात बसवून घेतली. पुढच्या खेपेला गेले तर आत कोंबडी. चूल मात्र नावाप्रमाणे होती, धूर म्हणून कसला तो नाही.

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. त्या वसाहतीवर खात्याचे एक साहेब होते. त्यांनी चावडीपुढं सगळ्यांना बजावलं होतं, की संक्रांतीपर्यंत जे घरात राहायला आलेले नाहीत, त्यांचा ताबा रद्द होईल आणि घर दुसऱ्याला जाईल. साहेबांचं तसं चूकही नव्हतं. काही चलाख मंडळी ताबा घेऊन कुलूप लावायची आणि मागच्या दारानं घर विकून मोकळी व्हायची. त्यामुळं साहेब घरात डोकावून बघत. आत चूल पेटती नसेल, भिंत काळवंडलेली नसेल, तर इथं कोणी राहत नाही असा त्यांचा हिशेब. म्हणजे सगुणाबाईचं घर जाणार, हे स्वच्छ दिसत होतं. जुन्या गावात पाणी शिरलेलं, मागं फिरायची सोय नाही, आणि ताडपत्रीखाली आज ना उद्या बाळंत होणारी सून. मी हे सगळं तिला हात जोडून, आवाज चढवून, रडकुंडीला येऊन सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मी गंगाक्काला धाडलं.

गंगाक्का मुरगूडजवळच्या एका जुन्या वसाहतीतली. तिचं गाव दुसऱ्याच एका धरणात, ती ऐन तरुण असताना गेलेलं. माहेर कर्नाटकच्या सीमेकडचं, म्हणून सगळ्या गावाची ती अक्का. उंच, दणकट, आणि आवाज असा की ती कुजबुजली तरी पलीकडच्या शेतातला माणूस वळून बघायचा. सोबतिणींना आम्ही कोल्हापुरात प्रशिक्षण द्यायचो. शिकवायला पुण्याहून एक बाई यायच्या, फार सज्जन. त्या म्हणाल्या, "समोरची बाई रडायला लागली तर तिला रडू द्यावं. मन मोकळं होऊ द्यावं."

गंगाक्कानं हात वर केला. "आनि भाकरी?"

"कसली भाकरी?"

"ती रडत बसल्यावर भाकरी कोन थापनार, बाई? घरात खानारी तोंडं असत्यात की."

अशी सोबतीण घेऊन मी काय करणार होते, देव जाणे. पण त्या खेपेला शिकलेल्या बाकीच्या दोघींपैकी एकीच्या घरात लग्न निघालं आणि दुसरीला सासूनं सोडलं नाही. राहिली गंगाक्का.

ती सगुणाबाईच्याच ताडपत्रीखाली बोचकं टाकून राहिली आणि चार दिवस गेले न गेले तोच मला निरोप आला, की तुमची अक्का आणि सगुणाबाई भांडत आहेत आणि वसाहत गोळा झालीय. मी धावत-पळत गेले. भांडण कशावरून? भाकरीला हात पाण्याचा लावायचा की पिठाचा, यावरून! दोघी कमरेला पदर खोचून उभ्या. मी गंगाक्काला बाजूला घेतलं आणि जे तोंडाला येईल ते बोलले. तुला समजूत काढायला पाठवलं की तंटा करायला, वगैरे.

ती शांतपणे म्हणाली, "बाई, भांडतीया म्हंजे ती ऱ्हानार हाय. जी जानार असतीया ती भांडत न्हाई."

हे ऐकायला बरं वाटतं, पण गंगाक्काचं सगळंच काही इतकं सोन्याचं नव्हतं. त्याच आठवड्यात ती वसाहतीतल्या बायकांना 'बाजार कसा करायचा असतोय ते दावतो' म्हणून शेजारच्या गावच्या बाजाराला घेऊन गेली आणि वांग्यांच्या भावावरून तिथल्या माळणीशी अशी जुंपली, की पुढचे दोन-तीन बाजार आमच्या बायकांना तिथं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. ज्यांच्याशी जुळवून घ्यायचं त्यांच्याशीच वैर! ते निस्तरायला मला गेले आठ दिवस. माळणीच्या पायाही पडले.

तर बुधवारची बैठक. पुण्याच्या बाईंच्या पद्धतीप्रमाणे दर बुधवारी दुपारी समाजमंदिरात बायकांनी गोल बसायचं आणि मनातलं बोलायचं, असं ठरलेलं होतं. बायका यायच्या, तांदूळ निवडायला घेऊन यायच्या, आणि मनातलं सोडून सगळं बोलायच्या. मी विचारायची, "इथं आल्यावर तुम्हाला कसं वाटतं?" त्या म्हणायच्या, "बरं वाटतंय की." झाली बैठक. मी कोल्हापूरला परत.

एका बुधवारी मी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारल्यावर गंगाक्कानं मला हातानं गप्प केलं आणि स्वतः विचारलं, "तुमच्या गावात पानी चढलं, तवा पयलं काय बुडालं गं?"

सुपातले हात थांबले. एक म्हणाली, वडाखालचा पार. एक म्हणाली, माझं मळणीचं खळं. एका म्हातारीनं सांगितलं की तिचे दोन मुलगे लहानपणीच गेलेले, त्यांना पुरलं होतं ती ओढ्याकाठची जागा. कोणी रडलं नाही, पण माझ्याच्यानं मान वर करवेना. मग येसाबाईची पाळी आली. येसाबाई ही सगुणाबाईची थोरली जाऊ, तीन घरं सोडून राहणारी, गोल चेहऱ्याची, ठसठशीत कुंकवाची. ती म्हणाली, "माजा फणस."

आणि भिंतीला टेकून बसलेली, आजवर बैठकीत 'ब्र' न काढलेली सगुणाबाई ताडकन उठली. "तुजा फणस? त्यो बांधाच्या ह्या अंगाला हुता!"

"मुळी कुनाच्या रानात हुत्या?"

"फळं कुनाच्या रानात पडत हुती?"

संपली बैठक. सुपं पालथी, तांदूळ जमिनीवर, दोघी जावा एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात. मी डोक्याला हात लावला. अहो, तो फणस पाण्याखाली गेला होता! झाड बुडालं, बांध बुडाला, रान बुडालं, आणि भांडण तेवढं ट्रकात बसून इकडे आलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो हा.

बाहेर आल्यावर पाहिलं तर गंगाक्का खुशीत. "बोलल्या की बाई! धा वर्सं झाली, दोगी बोलत नव्हत्या."

"याला बोलणं म्हणतात?"

"मग कशाला म्हंत्यात?"

त्या दिवशी समाजमंदिराच्या पायरीवर बसून तिनं मला सांगितलं, जे सबंध वसाहतीला ठाऊक होतं आणि फक्त मला ठाऊक नव्हतं. त्या डोंगरातली रीत अशी, की घर बदललं तरी चुलीतला विस्तव बदलायचा नाही. जुन्या चुलीतला निखारा राखेत झाकून न्यायचा आणि नवी चूल त्यावर पेटवायची. काडीपेटीनं पेटवलेली चूल ही स्वयंपाकाची चूल होते, घराची होत नाही. गाव हलवायच्या दिवशी ट्रकवर आलेल्या कारकुनानं दम दिला, की विस्तव कोणी गाडीत आणायचा नाही, पेट घेतला तर जबाबदार कोण. बहुतेकींनी ऐकलं. सगुणाबाई तर कायद्याची बाई. तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि नवऱ्याच्या आजीपासून चालत आलेली चूल स्वतःच्या हातानं विझवली. येसाबाईनं मात्र हंड्यात राख, राखेत धुमसती शेणी, म्हणजे गोवरी, आणि वर नाचणीचा भुसा असा बेत करून विस्तव आणला. वसाहतीतल्या झाडून साऱ्या चुली त्याच विस्तवावर पेटल्या होत्या. बायका येसाबाईच्या दारात जाऊन मागून घेऊन आल्या. सगुणाबाई तेवढी जात नव्हती.

"एवढंच ना?" मी म्हटलं. खरं सांगते, इतका वैताग मला त्या निर्धूर चुलीचाही आला नव्हता. "मग दुसऱ्या शेजारणीकडून घेऊ दे."

"दुसरीकडचा बी येसाचाच की."

मी उठले ती थेट येसाबाईकडे. "तुम्हीच द्या की नेऊन. तुमची धाकटी जाऊ आहे, घर जायची वेळ आलीय तिच्यावर."

येसाबाईनं कानाला हात लावले. "न मागता इस्तू? काय बोलता वो बाई! न मागता कुनाच्या दारात इस्तू न्हेला तर त्याचं घर जाळल्यागत हुतंय. तिला म्हनावं, यावं नि मागावं. मी काय न्हाई म्हनलोय?"

पुन्हा सगुणाबाईकडे. ती म्हणाली, "तिच्या दारात मी जानार न्हाई. घर जाऊ दे."

म्हणजे एकीला देता येत नव्हतं, दुसरीला मागता येत नव्हतं, आणि संक्रांत काही थांबणार नव्हती. मी वैतागून गंगाक्काला म्हटलं, "काडीपेटीनं पेटवली तर आभाळ कोसळणार आहे का? तूही तशीच पेटवली असशील ना तुझी? आजवर झालं काही वाईट?"

गंगाक्का नेहमीप्रमाणे उलटून बोलेल म्हणून मी तयारीत होते. ती घागर उचलून पाण्याला निघून गेली.

शेवंता पौषात बाळंत झाली. सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, दोघी सुखरूप, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यानं घरी पाठवलं. घरी म्हणजे ताडपत्रीखाली. पौषातला माळावरचा वारा ज्यानं अनुभवलाय त्याला सांगायला नको. शेवंताचं माहेर त्याच खोऱ्यातलं, ते उठून कुठल्या कुठे दूर गेलेलं; पहिलं बाळंतपण असून तिला न्यायला कोणी आलं नव्हतं. गंगाक्कानं कोणाला न विचारता बाळंतीण घराच्या आत नेऊन निजवली. पण आत नुसत्या थंडगार सिमेंटच्या भिंती. बाळंतिणीला शेक द्यायचा तर खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी लागते, वर ओवा-शेपा टाकून धुरी द्यायची असते. स्टोव्ह काही खाटेखाली ठेवता येत नाही. मी कोल्हापुरातून रबराची गरम पाण्याची पिशवी घेऊन गेले. सगुणाबाईनं ती हातात धरून पाहिली आणि मला परत दिली. पोरगी रडून रडून निळी व्हायला लागली होती.

मी गंगाक्काला म्हटलं, "तू तरी जाऊन मागून आण येसाबाईकडून."

"मी आनला तर त्यो माजा हुतोय. तिच्या घरचा हुत न्हाई," ती म्हणाली, आणि पोरीला पोटाशी धरून बसली.

सगुणाबाई उंबऱ्यात उभी होती. ती वळली, मांडून ठेवलेल्या चुलीजवळची लोखंडी पळी तिनं उचलली आणि बाहेर पडली. मी मागं निघाले तर गंगाक्कानं डोळ्यांनीच मला थांबवलं. पण तीन घरांचं अंतर ते, दारातून सगळं दिसत होतं, आणि त्या बायकांचे आवाज काही लपून राहणारे नव्हते. बघता बघता दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या.

येसाबाईच्या अंगणात, तुळशीच्या अलीकडे सगुणाबाई उभी राहिली.

"येसा."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"येसा, इस्तू दी."

"कोन हाय?" आतून विचारणा झाली. कोण आहे ते तिला काय ठाऊक नव्हतं?

"सगुणा हाय."

"काडीपेटी न्हाई व्हय तुज्या घरात?"

मला वाटलं, आता झालं, आता ही पळी फेकून मागं फिरणार. सगुणाबाई हलली नाही. म्हणाली, "हाय. पर पोरगी आपल्या घरची हाय. तिला काडीचा शेक न्हाई द्यायचा मला."

मग येसाबाई बाहेर आली. तिच्या हातात झाकलेली खापरी होती, आणि झाकण काढलं तर आत लालबुंद निखारे. उठून, निवडून, खापरीत भरायला वेळ लागतो. एवढ्यात ते होणं शक्य नव्हतं. पोरगी दवाखान्यातून आली तेव्हापासून तिनं ते भरून ठेवले असणार, आणि निवले की बदलले असणार. पळीत निखारे ओतता ओतता ती म्हणाली, "फणस माजाच हुता."

"इस्तू पोचवू दे," सगुणाबाई म्हणाली. "मग येऊन सांगतो तुला कुनाचा हुता त्यो."

मी तोंडावर पदर घेतला. हसू येत होतं की रडू, ते ठरवत बसायला वेळ नव्हता, कारण गंगाक्का आतून ओरडत होती, "बाई, काटक्या आना की! नुस्त्या बगत काय बसलाय?"

साहेब संक्रांतीच्या आधीच आले. दारातून आत डोकावले आणि धुरानं डोळे चोळत बाहेर आले. "राहतात, राहतात," म्हणाले आणि खोकत पुढच्या घराकडे गेले. निर्धूर चुलीतली कोंबडी त्यांना दिसली नाही, हे माझं नशीब. संक्रांतीला सगुणाबाईनं येसाबाईला तिळगूळ दिला. फणसाचा निकाल अजून लागलेला नाही.

माघात गंगाक्काची मुदत संपली. सोबतीण परत निघताना वसाहतीतल्या बायका तिची खणा-नारळानं ओटी भरायच्या. मी तिला न्यायला गेले, ओटी झाली, सगळ्या गळ्यात पडल्या. गंगाक्का निघता निघता दारात थांबली आणि सगुणाबाईला म्हणाली, "सगुणा, मला इस्तू दी."

मला वाटलं, बिडी ओढते की काय ही! पण तिनं पिशवीतून दुधाचा ॲल्युमिनियमचा डबा काढला, झाकणाचा, कडीचा. तळाशी राख घालून तयार. सगुणाबाईनं 'कशाला' म्हणून विचारलं नाही. आत गेली, पेटत्या शेणीचा तुकडा आणून राखेत ठेवला, वरून राख पसरली आणि झाकण थोडं तिरकं लावून दिलं.

"अगं बाई, मुरगूड काय इथं आहे?" मी म्हटलं. "दोन गाड्या बदलायच्या. बसमध्ये विस्तव नेता येतो का? मला नोकरी करायचीय अजून!"

"तुमी नगा येऊ," ती म्हणाली.

आता तिला एकटीला सोडून मी कशी जाणार? निघालो.

मुरगूडच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. डबा मांडीवर धरून गंगाक्का मला म्हणाली, "तुमी इचारलं हुतं बगा, काडीपेटीनं काय वाईट झालं." आणि मग बाहेर बघत सांगत राहिली. तिच्या गावानंही विस्तव आणला होता. तिनं तो मागून आणायचा, एवढंच राहिलं होतं. पण वसाहतीच्या उद्घाटनाला बडे साहेब आले. फोटोवाला होता. 'एका घराची चूल पेटवू' असं कोणीतरी काढलं आणि तिचं घर रस्त्यालगतचं. साहेबांनी आपल्या खिशातली काडीपेटी काढली, काडी ओढली, चूल पेटवली, टाळ्या झाल्या.

"पेटल्याली चूल इजवायची कशी? सासू म्हनली, ऱ्हाऊ दे. त्या सायबाच्या जाळावर म्या लेकरं वाढवली, बाई. लगनं केली त्यांची. म्हातारीची दिवसकार्यं बी त्यावरच झाली." डबा मांडीवर सावरून म्हणाली, "मला तवा कुनी म्हनलं न्हाई, चल, मागून आनू."

एवढ्यात कंडक्टर आला. तिकिटं फाडता फाडता त्यानं नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

गंगाक्का म्हणाली, "मला काय ठावं, पावनं?"

"डब्यात काय हाय?"

आणि मी, जन्मभर नियमानं चाललेली, दौऱ्याची बिलं चोख देणारी बाई, पटकन म्हणाले, "दूध आहे."

त्यानं डब्याकडं पाहिलं. झाकणाच्या फटीतून बारीक निळी रेघ वर निघत होती. "दूध करपाय लागलंय की वो, बाई."

मागच्या बाकावरचा एक म्हातारा वाकून बघत होता. तो म्हणाला, "जाऊ दे की रं. मडक्यात न्हेत न्हाईत ना? मग शुभ काम हाय." मडक्यात विस्तव नेतात तो मयताच्या पुढं, हे त्या गाडीत कोणाला सांगावं लागलं नाही. कंडक्टरनं तिकिटं आमच्या हातात कोंबली. "खिडकी उघडी ठेवा," म्हणाला, "आनि कागल आलं की खाली उतरवून एकदा बगा, इझला बिझला तर एवढं समदं फुकट जायचं." मी मांडीवर टॉवेलची घडी ठेवून डबा माझ्याकडे घेतला, कारण गंगाक्काचे हात भाजायला लागले होते. माझ्या साडीला त्याचा डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही.

गंगाक्काच्या घरी तोवर गॅस आला होता. सुनेनं दारातच सांगितलं, "आत्ती, च्या झालाया, आत या." गंगाक्का आत गेलीच नाही. घराला वळसा घालून मागल्या परड्यात गेली. तिथं अंघोळीचं पाणी तापवायची जुनी चूल होती. तिच्यात सकाळचे निखारे होते. ते तिनं एक एक करून बाहेर काढले, पाणी मारलं, राख उपसली, चूल कोरडी पुसून घेतली. मग डबा उपडा केला. राखेत शेणीचा तुकडा काळाठिक्कर दिसत होता. एवढा सगळा खटाटोप, दोन गाड्या, खोटं बोलणं, भाजलेली मांडी, आणि हे!

ती गुडघ्यावर बसली, तोंड जमिनीला लावून फुंकत राहिली. फुंकणीही घेतली नाही. शेणीच्या एका कडेला लाल टिकली दिसली. वाळल्या पाचटाची काडी, मग दुसरी. जाळ झाला.

गंगाक्का तिथंच पाय पसरून खाली बसली. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण मला ऐकायला वाकावं लागलं.

"आलो बगा, बाई, मी हितं," ती म्हणाली. "आज आलो."

सून मागल्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. तिला काही कळेना. "आत्ती, हा निवतोय," ती म्हणाली.

"ओत त्यो," गंगाक्का म्हणाली, "आनि च्याचं आधन हितं आन."